जावयाबरोबर आलेला वॉटर पंप

गोंदियाला जायचं म्हटलं की आमच्या सांगलीकडची माणसं आधी विचारतात, "तिथे कोण आहे?" कोणी नाही म्हटलं की विचारतात, "मग काय आहे?" तलाव आहेत, धानाची शेतं आहेत, जंगल आहे, असं सांगितलं की मान डोलावतात आणि महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी कधी येते ते सांगू लागतात. त्यांचं काही चुकत नाही. नकाशावर गोंदिया जेवढं लांब दिसतं, त्याहून ते लांबच आहे.

आम्ही गेलो ते केवळ अक्काच्या हट्टापायी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिने जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवला, मी त्याच हायस्कुलात शिवण. नकाशाचं उजवं टोक तिने मुलांकडून कितीदा रंगवून घेतलं असेल, पण स्वतः कधी तिथे गेली नव्हती. दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही दोघी तिच्या गाडीतून कुठेतरी जातो. गाडी दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी घेतलेली. दाजी गेले, गाडी राहिली. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय, त्यामुळे सिग्नलला लोक काच खाली करून आमच्याकडे आदराने बघतात. अक्काला वाटतं तो आदर तिच्या ड्रायव्हिंगबद्दलचा आहे.

माझ्याकडेही लायसन आहे. मी भाजी आणायला गाडी नेते. हायवेला स्टिअरिंग अक्काकडे, हा नियम.

यंदा मात्र निघण्याआधी समीरने, अक्काच्या मुलाने, पुण्याहून येऊन वाद घातला. या वयात इतक्या लांब गाडी चालवायची नाही, म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी आमची अक्का. शेवटी तिनेच तोड काढली. "वाटेत कुठे गाडी टोचन करून, म्हणजे दोर बांधून ओढत न्यावी लागली, तर परत आल्यावर चावी तुझ्या हातात देईन. नाही न्यावी लागली, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस." समीरने कबूल केलं. गाडीचं वय बघता आपणच जिंकणार, असं त्याला वाटलं असावं. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या पुढे बांधता येईल असा एक दोर आमच्या डोक्यावर टांगलेला होता, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

बोदलकसा

तिरोड्याजवळचा हा जलाशय. डोंगरांच्या मधोमध पाणी, काठावर होड्या. सकाळी एक मासेमार जाळं झाडत बसला होता. मी विचारलं, "काय मिळालं?" तो म्हणाला, "मासोळ्या." कोणत्या, किती, कशा, काही नाही. आमच्याकडे कृष्णेच्या काठी एवढ्या प्रश्नावर माणूस आजोबांपासून सुरुवात करतो. इथे विचारलं तेवढंच उत्तर मिळतं, आणि त्यात उद्धटपणा नसतो. हे कळेपर्यंत मी दोन दिवस उगाच मनाला लावून घेत होते.

मुक्काम सोडताना गाडीखाली ओलं दिसलं. हिरवट पाणी, ताटाएवढं थारोळं. अक्का म्हणाली, "दव." दव फक्त गाडीच्या पुढच्या भागाखालीच कसं पडलं, हे मी विचारलं नाही. सकाळी सकाळी कोण वाद घालतो?

गोरेगावच्या रस्त्याला लागलो. धान कापून झालेलं. बांध्यांमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेल्या त्या चौकोनी शेतांमध्ये, कापलेल्या धानाचे ढीग रचलेले. त्याला इथे पुंजणं म्हणतात. आमच्या उसाच्या मुलखात नजर दहा फुटांवर अडते, इथे ती कितीही लांब जाते. अक्का म्हणाली, "पाट्या तू वाच, मी रस्ता बघते." ती अलीकडे असं नेहमी म्हणते. मी पाट्या वाचत राहिले.

मग गोडसर, तापलेला वास आला.

"अक्का, गाडी गरम होतेय का? ती सुई बघ."

"मध्यावर आहे," अक्का लगेच म्हणाली.

मला माझ्या बाजूने सुई दिसत नव्हती, तिच्या हाताआड होती. थोड्या वेळाने बॉनेटच्या फटीतून वाफ आली, तेव्हा ती दोघींनाही दिसली.

टेंभऱ्यांचं अंगण

अक्काने गाडी रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात घेतली आणि इंजिन बंद केलं. "गाडी थांबली नाही, मी थांबवली," ती आधी मला म्हणाली, मग खाली उतरली.

अंगण नुकतंच शेणाने सारवलेलं, रांगोळी काढलेली. त्या रांगोळीच्या मोरावर आमचं पुढचं चाक. घरातून एक गृहस्थ बाहेर आले. अंगात नवा सदरा, त्याची घडी अजून मोडली नव्हती. मोराकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि सोडून दिलं.

"काऊन थांबल्या जी? गाडी तापली का?"

हे टेंभरे. घरचं धान, थोडं मक्त्याने केलेलं. त्या दिवशी त्यांच्या गावची मंडई होती. मंडई म्हणजे भाजी मंडई नव्हे. दिवाळीनंतर या भागात प्रत्येक गावाचा एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे येतात, दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, घरोघरी वडे तळले जातात. आमच्याकडची जत्रा देवाची, इथली मंडई पाहुण्यांची. अशा दिवशी दोन म्हाताऱ्या गाडीसकट अंगणात आल्या, तर त्याही पाहुण्यांतच मोजल्या जातात. टेंभऱ्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, आम्ही कोण हे विचारण्याआधी पाय धुवायला पाणी दिलं.

टेंभरे वाकून गाडीखाली बघत होते. "पानी पडून राह्यलं ना जी खालून. बांधी झिरपाले लागली का आमी तनस अन् चिखल कोंबतो. गाडीत चिखल तं टाकता येत नाई." तनस म्हणजे धानाचा पेंढा.

"हळद टाकतात," अक्का म्हणाली. "आमच्याकडचे ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, गळती बंद होते."

"तुमाकडं हळद पिकते, तं हळद. आमाकडं धान, तं कोंडा. बारीक कोंडा पानी धरते जी."

इथे मी काहीतरी म्हणायला हवं होतं असं वाचकांना वाटेल. पण एक भूगोलाची शिक्षिका आणि एक अनुभवी शेतकरी गळतीच्या शास्त्रावर एकमताने बोलत असताना शिवणाच्या बाईचं कोण ऐकतं? गाडी निवल्यावर सुपातून कोंडा आला. कोंड्यात कणी बरीच होती. दोघांनी मिळून तो रेडिएटरच्या तोंडातून आत सोडला, वर बादलीभर पाणी ओतलं, आणि गाडी सुरू केली.

आणि गळती थांबली! टेंभऱ्यांनी खाली हात धरून पाहिला, कोरडा. त्यांनी तो हात जमलेल्या शेजाऱ्यांना दाखवला. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोंडा तिच्याच शेतातला होता.

गाडी तशीच चालू ठेवून आम्ही चहा घेतला. चहा संपता संपता अंगणात भात शिजल्याचा वास पसरला. घरात तर चुलीवर वडे होते, म्हणून रुखमाबाई वास कुठून येतो ते बघायला बाहेर आल्या. तेवढ्यात बॉनेटखाली गुडगुड झाली, रेडिएटरचं झाकण फडफडलं आणि आजूबाजूने पांढरट, दाट असं काहीतरी फसफसून वाहू लागलं.

"पेज झाली व माय!" रुखमाबाई म्हणाल्या.

खरोखर पेजच होती. चव कोणी घेतली नाही एवढंच. अक्काने धावत जाऊन इंजिन बंद केलं.

राजू मिस्त्री

टेंभऱ्यांनी फोन करून गोरेगावहून राजू मिस्त्रीला बोलावलं. मोटारसायकलवर हत्यारांचं पोतं टाकून तो आला. जाड आवाज, इस्त्रीची पँट, कारण संध्याकाळी त्यालाही त्याच्या सासरच्या गावी मंडईला जायचं होतं. त्याने बॉनेट उघडलं आणि पांढरा लगदा बोटावर घेऊन पाहिला.

"ये किसने डाला? कोनं टाकलं हे?"

टेंभरे पुंजण्याकडे बघू लागले. अक्का म्हणाली, "आम्ही दोघांनी."

राजू इतका हसला की पान्हा ठेवून खाली बसला. "गोरेगाव, तिरोडा, आमगाव, पूरा जिल्ह्यात राजू मिस्त्रीनं गाड्या खोलल्या. पेज पहिल्यांदा पाहून राह्यलो!" मग त्याने पंख्याचा पट्टा ढिला केला आणि आतली एक कप्पी धरून हलवून दाखवली. ती लटलट हलत होती. वॉटर पंप गेला होता. रेडिएटरचं पाणी इंजिनभर फिरवतो तो पंप. आतलं सील फाटलं होतं आणि बेअरिंगही गेलं होतं.

"हे लहान भोक दिसते का, काकू? हे कंपनीच ठेवते. सील फाटलं का इथून पानी गळते. मालकाले समजाले पाह्यजे म्हनून."

"म्हणजे पंप आधीपासून सांगत होता," अक्का म्हणाली.

"सांगतच होता. तुमी त्याचं तोंड कोंड्यानं बंद केलं."

या मॉडेलचा पंप गोरेगावात मिळणं शक्य नव्हतं. राजूने गोंदियाच्या एका दुकानदाराला फोन लावला. "हाँ भैया, वही पुराना मॉडल. है? रख दो, आदमी भेजता हूँ." मग आमच्याकडे वळला. "माल हाय. पन आनते कोन?"

आमच्याकडे असं सामान एसटीच्या ड्रायव्हरकडे देतात. इथेही देतात, पण मंडईच्या दिवसांत एसटीत माणसालाच जागा मिळत नाही. तेव्हा टेंभरे म्हणाले, "आमचे जवाई येऊन राह्यले ना गोंदियावरून." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जावयाचं नाव मनोज. लेकीला फोन झाला. मनोजराव दुकानातून पंप घेऊन मोटारसायकलवर निघाले. फार तर तासाभराचं अंतर, असं राजू म्हणाला.

जावई वाटेत असतात तेव्हा

दुपार झाली. आम्ही वडे आणि भात खाल्ला. उडदाचे वडे, वांग्याची भाजी, वर वरण. जेवणात भात, नाश्त्याला चिवडा आणि गाडीतही कोंडा. भाकरीची आठवण मला दुसऱ्याच दिवशी यायला लागली होती, अक्काला तर तिरोड्यातच. पण वडे असे होते की मी भाकरीला विसरले.

पंप आला नाही. टेंभऱ्यांच्या लेकीला फोन केला की ती सांगायची, "मोठ्या मावशीकडं चहा घेऊन राह्यलो." मग, "काकाजीकडं थांबलो." मग, "इथं आत्याचं घर लागते ना." मंडईच्या दिवशी सोयऱ्याच्या दारावरून न थांबता गेलं तर तो वर्षभर बोलत नाही. आणि गोंदिया ते गोरेगाव या रस्त्यावर टेंभऱ्यांचे सोयरे धानासारखे पेरलेले. पंप प्रत्येक घरी जावयाबरोबर आत जात होता, खाटेवर बसत होता, आणि पुन्हा निघत होता.

अक्काचा धीर सुटला. "नंबर द्या, मी बोलते त्यांच्याशी."

"नाई जी!" टेंभरे एकदम उभेच राहिले. "जवाई हाय. त्याले घाई कर म्हनता येत नाई."

"अहो, पण गाडी अडलीय."

"गाडी आपली अडली. जवायाची थोडीच अडली?"

आमच्याकडेही जावयाचा मान असतो, पण त्याला फोनवर 'पटकन या' म्हणण्याइतपत तो सैल झालाय. इथे तो अजून घट्ट आहे. सासऱ्याने जावयाला काम सांगायचं नाही, हेच मुळात मोडलं होतं. पंप आणायला लेकीच्या तोंडून सांगितलं तेही टेंभऱ्यांना खुपत होतं. वर घाई करायची म्हणजे तर हद्द झाली.

उन्हं कलायला लागली तसा राजू घड्याळ बघू लागला. "असं करू. उद्या दुकान सोडून इथं बसता येत नाई. गाडी टोचन करून माझ्या दुकानी नेऊ. उद्या पंप आला का बसवून देतो. तुमी इथं आरामात राहा." टेंभऱ्यांचा धाकटा भाऊ लगेच ट्रॅक्टर घेऊन आला, मागे जाड दोर टाकलेला. या मुलखात माणसं मदतीला अशी धावतात की नको म्हणायला सवड मिळत नाही. दोर बॉनेटवर पडला.

नेमका त्याच वेळी समीरचा फोन आला.

"कुठे आहात?"

"मंडई बघायला थांबलोय," अक्का म्हणाली. आवाज अगदी सरळ. "गाडी उभी आहे, अंगणात." यात एक शब्दही खोटा नव्हता. पण फोन ठेवल्यावर तिचा हात दोरावर गेला आणि तिथेच राहिला.

"दोर लावायचा नाही," ती म्हणाली.

"काऊन जी?" ट्रॅक्टरवाल्याला कळेना. "चार फर्लांग तं जायचं."

"नाही म्हणजे नाही."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एवढ्या मदतीला बाई नाही म्हणते, म्हणजे मदत करणारांचं काही चुकलं की काय? अक्का काही सांगणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी सांगितलं. समीर, पैज, टोचन, चावी, सगळं. मला वाटलं होतं ते हसतील. हसलं कोणी नाही. टेंभऱ्यांनी बॉनेटवरचा दोर स्वतः उचलून ट्रॅक्टरवर टाकला.

"पोरानं गाडी काढून घेतली तं मंग काय करतीन बाई?" ते मला म्हणाले. पंप आजच हवा असेल तर आता जावयाचा मान मोडायला हवा होता, आणि ते काही त्यांच्याच्याने होत नव्हतं.

तोड रुखमाबाईंनी काढली. पीठ लागलेले हात घेऊनच त्या दारात आल्या. "जवायाले कामासाठी घाई करता येत नाई. जेवासाठी करता येते." त्यांनी लेकीला फोन लावायला सांगितला आणि ओरडून म्हणाल्या, "व पोरी, तेल तापवून बसली मी! जवाईबुवा आल्याबिगर वडा सोडत नाई. तेल जळून राह्यलं!"

या एका वाक्याने रस्त्यावरचे उरलेले सगळे सोयरे गाळले गेले. तेल जळणं हा इथे जावयाचाच अपमान, त्यामुळे त्याला बाकीच्यांकडे न थांबायला निमित्त मिळालं. मोटारसायकल थोड्याच वेळात वळणावर दिसली.

मनोजराव, त्यांच्या मागे बायको, आणि बायकोच्या मांडीवर पंपाचं खोकं. खोक्यावर हळदकुंकू. आत्याच्या घरी नवी वस्तू बघून आत्याने लावलं होतं. मनोजराव उतरले, पाय धुतले, पाटावर बसले. खोकं शेजारी ठेवलं. अर्थात त्यांचं जेवण झाल्याशिवाय ते कोणी मागायचं नाही. इस्त्रीच्या पँटमधला राजू, ट्रॅक्टरवाला भाऊ, अक्का आणि मी, आम्ही सगळे एका माणसाला वडे खाताना बघत बसलो. वडे तो चवीने खातो हे सांगायला हवं. माणूस मोठा गोड. जेवण झाल्यावर हात पुसून म्हणाला, "सॉरी हां काकू, रस्त्यात जरा टाइम झाला."

राजूने खोकं उघडलं. पंप होता, पॅकिंग नव्हतं. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसतो तो पातळ कागदी तुकडा. कोणत्या तरी घरी खोकं उघडून सगळ्यांनी पंप पाहिला होता, तेव्हा तो तिथे राहिला. आता पुन्हा सोयऱ्यांची फेरी कोण करणार? राजूने खोक्याचाच पुठ्ठा फाडला, पंपाच्या तोंडावर धरून हातोडीने हलके हलके ठोकला आणि कडांचा ठसा उमटवला. कापायला त्याच्याकडे धड कात्री नव्हती. माझ्याकडे होती. शिवणाची कात्री मी कुठेही गेले तरी पिशवीत असते आणि तिने कागद कापलेला मला खपत नाही. पण त्या दिवशी मी स्वतः पॅकिंग कापलं, बोल्टांच्या भोकांसकट, आणि राजूने ते पेस्ट लावून बसवलं तेव्हा कडेने तसूभरही बाहेर आलं नाही. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

पेज धुवायलाच जास्त वेळ गेला. टेंभऱ्यांनी विहिरीवरची मोटार लावली आणि पाइप थेट रेडिएटरला. आधी पांढरं पाणी, मग दुधट, मग स्वच्छ. अंगणातल्या कोंबड्या त्या ओघळावर तुटून पडल्या. पंप बसला तेव्हा दिवस मावळत होता. पेस्ट सुकायला हवी, पाणी सकाळी भरू, असं सांगून राजू त्याच्या मंडईला पळाला. पँटला ग्रीस लागलं होतं, सासरी त्याचं काय झालं माहीत नाही.

आम्ही टेंभऱ्यांबरोबर मंडईत फिरलो. जिलेबी, बांगड्या, फुगे, ढोलकी. ओळखीच्या माणसाला ते सांगायचे, "पाहुने हायत, सांगलीचे," आणि पुढे हळू आवाजात पेजेची गोष्ट. अक्का खूष होती. रस्त्यावरच्या पाच-सहा माणसांना तिने आपणहून सांगितलं की गाडी टोचन करावी लागली नाही. हळदकुंकवाच्या त्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा तिने जपून पर्समध्ये ठेवला होता, समीरला दाखवायला.

प्रतापगडच्या वाटेवर

सकाळी राजू आला. त्याने पाणी आणि कूलंट भरलं, पंपाभोवती बोट फिरवून बघितलं. कोरडं. अक्का स्टिअरिंगवर बसली, गाडी सुरू केली. आवाज लोण्यासारखा. राजू पुढे वाकून पंपाकडे बघत होता. इंजिन तापेपर्यंत आम्ही सगळे उभे.

"काकू, सुई कुठं हाय?"

"मध्यावर," अक्का म्हणाली.

"मध्यावर? बराबर." राजू खिडकीशी आला आणि खात्रीसाठी आत डोकावला. मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप! वायरच लावाची राह्यली. सुई तं झोपून हाय!" तो हसत हसत पुढे गेला, बॉनेटखाली एक वायर टोचली, आणि ओरडून म्हणाला, "आता?"

मी खिडकीतून आत पाहिलं. पार तळाशी आडवी पडलेली सुई उठली, सावकाश वर चढली आणि मध्यावर जाऊन थांबली.

"मध्यावर," मी म्हटलं.

राजूला काही जाणवलं नाही. तो स्वतःच्याच चुकीवर हसत होता, आणि टेंभरे त्याला चिडवत होते की काल वडे जास्त झाले. अक्का समोर बघत होती. काचेतून पुढे, रस्त्याकडे. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. काल गोरेगावच्या रस्त्यावर ती तेवढ्याच लगबगीने 'मध्यावर' म्हणाली होती, ते मला आठवलं. आणि सगळ्या पाट्या मी वाचल्या होत्या, तेही.

निरोप घेतला. रुखमाबाईंनी वड्यांची पुरचुंडी आणि नव्या धानाचे तांदूळ दिले. आमच्या चाकाखाली गेलेल्या मोराच्या शेजारी त्यांनी नवा मोर काढला होता, टेंभऱ्यांनी तो चुकवून गाडी मागे कशी घ्यायची ते हातवारे करून दाखवलं. अक्काने गाडी झोकात मागे घेतली. मोराला धक्का लागला नाही. जवाईबुवांनी टाळ्या वाजवल्या. राजू म्हणाला, "वा काकू, एक नंबर!" सगळं घर रस्त्यापर्यंत पोचवायला आलं.

आम्हाला अर्जुनी मोरगावकडे जायचं होतं, प्रतापगड बघायला. आमच्याकडचा प्रतापगड आम्ही दोघींनी शाळेच्या सहलींबरोबर इतक्यांदा पाहिला होता की दुसरा असाही एक आहे, वर किल्ला आणि दर्गा, हे कळल्यापासून अक्का त्याचं नाव काढत होती. ती अगदी हळू चालवत होती. गाव मागे पडलं, हात हलवणारी माणसं दिसेनाशी झाली. एका पळसाच्या झाडाखाली तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? गळतंय का?"

"काही गळत नाही." तिने चावी काढून माझ्यापुढे धरली. "तू चालव."

मी चावी घेतली नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. मी म्हटलं, "अक्का, पैज तू जिंकलीस. दोर लावला नाही."

"जिंकलेच," ती म्हणाली. "समीरला तसंच सांगायचं. टोचन करावी लागली नाही, अक्का सांगलीहून इथवर चालवत आली आणि शेवटचा मोर चुकवून आली." मग म्हणाली, "बाकीचं मीच सांगेन त्याला. तू मध्ये बोलू नकोस."

आम्ही जागा बदलल्या. मी सीट पुढे ओढून घेतली, आरसे माझ्यासारखे केले. भाजीच्या रस्त्यापलीकडे ही गाडी मी कधी नेली नव्हती. पहिला गिअर जरा करकरला, अक्काने डोळे मिटून घेतले. रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना बांध्या, पुंजणी, मधूनच एखादं तळं. अक्का काच खाली करून बघत बसली. लांब एका बांधीत माणसं मळणीला लागली होती, ती तिने मला दाखवली. लांबची माणसं तिला अजूनही दिसतात; अक्षरं आणि सुई मात्र नाही.

बरंच अंतर गेल्यावर तिने बाहेर बघतच विचारलं, "सुई?"

मी खाली पाहिलं. नीट पाहिलं.

"मध्यावर आहे, अक्का."

"बरं," ती म्हणाली, आणि मांडीवरची वड्यांची पुरचुंडी सोडली.